पिंप उलटायच्या आधी

आमच्याकडे ऋतू दोनच. एक भाजतो आणि एक गोठवतो. मधे चार दिवस बरे जातात, त्यांना आम्ही ऋतू म्हणत नाही, उसंत म्हणतो. खाली सपाटीवर उन्हाळा असा की डांबरात चप्पल रुतते, माणूस पुढे जातो आणि चप्पल मागे राहते. हिवाळ्यातसुद्धा तिकडे अंगात एक सदरा पुरतो. आणि वर, खिंडीपलीकडे, हिवाळा असा की रात्री बाहेर राहिलेली बादली सकाळी उपडी केली तर बादलीच्या मापाचा दगड बाहेर पडतो. या दोन मुलखांच्या मधे, खिंडीच्या पायथ्याशी, आमचा बसडेपो. आणि डेपोच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली, सामानघर.

परक्या माणसाला वाटेल, अशा मुलखात फिरायचं म्हणजे केवढं सामान लागत असेल. लागायचंच. पण आम्ही ते वाहत नव्हतो. वरून उतरणारा माणूस डेपोत आला की कोट, लोकरीची टोपी, हातमोजे, जाड बूट काढायचा, बॅगेत कोंबायचा आणि बॅग सामानघरात टाकून मोकळ्या अंगाने खाली जायचा. खाली काम करायचा, काही महिन्यांनी परतायचा, पितळी बिल्ला दाखवायचा, बॅग घ्यायचा आणि वर चढायचा. सपाटीच्या उन्हात तो कोट सांभाळत कोण बसणार? अर्धा संसार वाटेत ठेवून जायची ही रीत होती, आणि ती रीत एका बाईच्या भरवशावर चालली होती.

तिला सगळे आत्या म्हणत. पाठीमागे बोचकंआत्या. तिला ते ठाऊक होतं आणि तिचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. म्हणायची, "बोचकंच तर आहे. गाठ सुटेपर्यंत आत काय ते कुणाला कळत नाही."

नवरा डेपोत हमाल होता. मागे येणाऱ्या बसने त्याला भिंतीशी दाबला. डेपोने त्याच्या जागी हिला घेतली, आणि बाईमाणूस ओझं काय उचलणार म्हणून सामानघरात बसवली. तिने पहिल्याच आठवड्यात सामानघरातले उंदीर मारले. मग फळ्यांना केरोसीन पुसलं, फटींत डांबराच्या गोळ्या टाकल्या, फुटकी खिडकी बंद करून घेतली. तोपर्यंत लोक कोट ठेवून जायचे आणि परतल्यावर कसरीने खाल्लेली जाळी घालून वर चढायचे. आत्या आल्यापासून कोट जसा ठेवला तसा मिळायला लागला. उलट कधी कधी तुटकं बटण लावलेलं असायचं.

जीभ मात्र करवतीसारखी. एकदा बँडवाला वरच्या गावी वाजवायला निघाला होता. पिशवीत झगमगीत डगला वर, टोपी तळाला.

"टोपी कुठाय रे?"

"आहे की आत्या, खाली."

"म्हणजे बस घाटात बंद पडली की आधी डगला काढणार, मग बाजा काढणार, मग चड्ड्या काढणार, आणि कान गळून पडल्यावर टोपी काढणार. वाटेत लागतं ते वर ठेवावं, मुक्कामाला लागतं ते तळाला. तुझ्या आईने तुला भरलं ते पण असंच, अक्कल तळाला घालून."

सगळा डेपो हसला. बँडवालाही हसला. ती पुढे म्हणाली, "आणि वर गेल्यावर उघड्यावर बाजा तोंडाला लावू नको. पितळ ओठाला चिकटतं. सोडवायला गेलास तर ओठ तिथेच राहील आणि मग जन्मभर नुसता ढोल बडवशील." बँडवाल्याने फळीवर बसून सगळी पिशवी उलटी करून पुन्हा भरली. आत्या कमरेवर हात ठेवून उभी.

तिचा एक नियम होता, आणि तो आम्हा सगळ्यांना पाठ होता. सामानघरामागे पागोळ्यांखाली एक लोखंडी पिंप होतं. हिवाळ्यात ते तळापर्यंत गोठायचं. बर्फ वितळून पिंप उलटं केल्यावर नुसतं पाणी पडलं, एक खडाही पडला नाही, की हिवाळा संपला. तोपर्यंत कुणाच्या बॅगेला हात लावायचा नाही. पिंप उलटलं की मग मागे राहिलेल्या बॅगा उघडायच्या, कपडे उन्हात घालायचे. आणि ज्याला गरज आहे त्याला उन्हाळ्यापुरता कोट उसना द्यायचा.

उन्हाळ्यात कोट कुणाला लागतो? शीतगृहातल्या लोकांना. गावाबाहेर बटाट्याचं आणि फळांचं मोठं शीतगृह आहे. बाहेर टाळू तापते आणि ही माणसं आत पोती रचत कुडकुडतात. मालक कोट देतो तो नावाला कोट. म्हणून सामानघरातले कोट उन्हाळाभर शीतगृहात जायचे आणि हिवाळ्याआधी धुऊन परत यायचे. कोट उसना गेला की आत्या त्या बॅगेला लाल नाडी बांधायची. बॅगेचा मालक अवचित आला तर नाडी बघून समजायचा, आणि शीतगृहातून कोट आणून दिला जायचा. कुणाची कधी तक्रार नव्हती. "पिंप उलटलं का?" हे आमच्या गावात हिवाळा गेला का असं विचारण्यासारखं झालं होतं. लग्न जमत नसलेल्या पोराच्या बापालाही लोक विचारायचे, "काय, पिंप उलटलं का नाही अजून?"

आत्या राहायची धाकट्या भावाकडे. भाऊ शीतगृहातच कामाला. लहानपणापासून छातीने अधू. त्या वर्षी त्याचा कोट खांद्यापासून फाटला, आतला कापूस निघाला, आणि खोकला लागला तो हटेना. भावजय तशी वाईट नव्हती, पण रात्रभर शेजारी खोकणाऱ्या माणसाची बायको होती. एका सकाळी चहाचा कप आत्यासमोर आपटत म्हणाली, "वन्सं, सगळ्या जगाला ऊब वाटता. पाठचा भाऊ तेवढा फाटक्यात मरू द्या."

"पिंप उलटू दे. पहिला कोट त्यालाच."

"पिंप! तुमच्या पिंपाला काय, ते सावकाश वितळेल. यांची छाती थांबणारेय का?"

भाऊ दाराशी बूट चढवत होता. म्हणाला, "जाऊ दे गं. ताईचा नियम आहे." आणि बोलता बोलता त्याला जी ढास लागली, ती दाराची चौकट धरूनही थांबेना.

आत्या उठून कामावर गेली. सामानघरामागे जाऊन तिने पिंपाला लाथ मारली. आत पाणी डचमळलं. वर पाणी होतं, ऊनही बरं पडलं होतं. तिने पिंप उलटं केलं नाही. केलं असतं तर तळाला चिकटलेली लादी दिसली असती, आणि ती आहे हे तिला न बघताच कळत होतं. लाथेचा आवाज भरीव आला होता.

तिने आत जाऊन पंपवाल्याची बॅग उतरवली.

पंपवाला वरच्या गावचा. उंच, सावळा, दात थोडे पुढे, सारखा हसत असल्यासारखा दिसणारा. हिवाळाभर खालच्या शेतांवर पाण्याचे पंप दुरुस्त करायचा आणि बर्फ वितळल्यावरच घरी जायचा. पिंप उलटायच्या आधी तो कधी आला नव्हता. म्हणून त्याचीच बॅग. त्याचा कोटही त्याच्या वरच्या गावी नावाजलेला होता, त्याच्या बायकोने शिवलेला. बाहेरून जाड कांबळ्याचं कापड आणि आत हिरव्या फुलाफुलांचं अस्तर. "बाहेरून बैल आणि आतून बाग," असं पंपवाला म्हणायचा.

आत्याने कोट काढला. लाल नाडी बांधायला घेतली आणि हात थांबला. पिंप उलटलं नसताना नाडी दिसली तर सगळा डेपो विचारेल. आणि नाडी न बांधता चपटी बॅग फळीवर ठेवली तर तीही दिसेल. तिने कोपऱ्यातली रिकामी पोती घेतली, घड्या घातल्या, बॅगेत कोंबल्या आणि बॅग फुगवून जागेवर ठेवली. बूट, टोपी, हातमोजे होते तसेच वर. आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न, असं तिने स्वतःला सांगितलं.

कोट भावाला बसला. थोडा लांब झाला, पण बसला. खोकला उतरायला लागला. भावजयीने त्या दिवसापासून चहात आलं जास्त घातलं आणि कप हळू ठेवला.

पाचव्या की सहाव्या दिवशी, वर जाणारी बस सुटायच्या बेताला, खालून आलेल्या गाडीतून पंपवाला उतरला. अंगात सुती सदरा, काखेत घामाचे डाग. धावत खिडकीशी आला आणि बिल्ला आपटला.

"आत्या, बॅग दे लवकर. निरोप आला, ती आजच-उद्याच बाळंत होतेय. महिन्याआधीच!"

वर जाणारी बस दिवसातून एकच. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. कंडक्टर दारातून ओरडत होता, "ए पंपवाल्या, येतोस का तिकडेच पाळणा बांधू?"

आत्याने बॅग उतरवली. तिला बोलायचं होतं. पुढे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की बोलायचं होतं, शब्द दाताशी आले होते. खिडकीत कंट्रोलर उभा होता, दोन हमाल होते, बँडवालाही होता. ती एवढंच म्हणाली, "अरे, कोट..."

"वर घालतो गं. आता गाडीत उकडून मरेन." त्याने बॅग खांद्यावर टाकली आणि पळाला. भरलेली बॅग, वजनाला बरोबर. त्याला शंका यायचं कारणच नव्हतं. आत्या त्याच्या मागे दारातून बाहेर आली, चार पावलं धावली. बसने धूर सोडला आणि वळली.

अजूनही वेळ होता. कंट्रोलरच्या खोलीत वायरलेस होता, वर घाटातल्या चौकीशी बोलता येत होतं. कंट्रोलर म्हणजे घोड्यासारखा लांब चेहऱ्याचा, पण मनाचा बरा माणूस. आत्या त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काय गं आत्या?"

"चौकीला निरोप द्यायचा होता."

"दे की. काय सांगू?"

आत टेबलाशी दोन ड्रायव्हर डबा खात होते. दोघांनी माना वर केल्या.

"बोल ना."

"काही नाही. वर हवा कशी आहे, विचार."

कंट्रोलरने विचारलं. खरखर झाली. पलीकडचा म्हणाला, स्वच्छ ऊन आहे, कुत्रंसुद्धा रस्त्यात झोपलंय. आत्याच्या जिवात जीव आला. ऊन आहे. बसमधेच त्याला कळेल, तो शिव्या देत त्याच बसने परत येईल, उद्या हात जोडून त्याच्या पुढे कोट ठेवू. ती जाऊन आपल्या जागेवर बसली.

पण पंपवाल्याने बॅग बसमधे उघडलीच नाही. खिडकीला डोकं टेकून तो झोपला होता, असं कंडक्टर नंतर म्हणाला. आणि त्याचं गाव खिंडीच्या नाक्याला नव्हतं. अलीकडच्या वळणावर उतरून डोंगराच्या अंगाने पायवाट जाते, तिने तो जायचा. वळणावर बस थांबली, तो बॅग घेऊन उतरला, हात हलवला. बस पुढे गेली. बॅग त्याने उघडली ती तिथे, रस्त्याच्या कडेला, एकट्याने.

दुपार ढळल्यावर हवा फिरली. वरच्या मुलखात हवा फिरते म्हणजे वारा सुटतो असं नाही. आभाळ खाली येऊन बसतं.

दुसऱ्या दिवशी बर्फ सारणाऱ्या टोळीला तो पायवाटेवर सापडला. बूट पायात, टोपी डोक्यावर, हातमोजे हातात. आणि अंगाभोवती पोती. छातीला एक, पाठीला एक, कमरेला बॅगेचा पट्टा आवळलेला. मागे फिरायचं सोडून तो घराच्या दिशेनेच चालला होता.

बातमी डेपोत आली तेव्हा आत्या फळी पुसत होती. पुसतच राहिली.

मग बोलणं सुरू झालं. माणूस मेला की पहिल्या दिवशी लोक हळहळतात आणि दुसऱ्या दिवशी त्याची चूक शोधतात. हमाल म्हणाला, "बॅगेत पोती? पोती कोण भरतो बॅगेत?" कंडक्टर म्हणाला, "कोट विकला असणार खाली. प्यायला. आणि बायकोला कळू नये म्हणून पोती कोंबून बॅग फुगवली." हे सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं. बॅग तर सामानघरात होती, खाली गेलीच नव्हती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. कंट्रोलरने एकदा विचारलं, "आत्या, ठेवताना कोट होता का गं त्यात?" आत्या म्हणाली, "ठेवताना मी काय बॅगा उघडून बघते?" आणि यावर कुणी संशय घेतला नाही. ज्या बाईने उभ्या हयातीत नियम मोडला नाही, तिच्यावर कोण घेणार?

बोलणं बसमधे चढलं आणि वरच्या गावी पोचलं. पंपवाला कोट विकून दारू प्याला आणि पोती नेसून मेला.

मग पिंप खरंच उलटलं. आत्याने बाकीच्या बॅगा उघडल्या, उन्हात घातल्या, नाड्या बांधल्या. घरी खुंटीवर तो कोट लटकायचा आणि सकाळी भाऊ तो घालून जायचा. भावाला तो कुणाचा हे माहीत नव्हतं. भावजयीने एकदा अस्तर बघून विचारलं होतं, "हे कुणी शिवलं असेल हो? हात चांगला आहे." आत्या जेवता जेवता उठली होती.

खिंड पूर्ण मोकळी झाल्यावर, ऐन उन्हात, वरच्या बसमधून एक बाई उतरली. तरणी, चेहरा वाऱ्याने फुटलेला, काखेत तान्हं. थेट सामानघराच्या खिडकीशी आली. आत्याने तिला आधी कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं.

"आत्या तुम्हीच ना? ते सांगायचे तुमच्याबद्दल."

"काय पाहिजे?"

"काही नाही पाहिजे. एकच विचारायचंय. जाताना त्यांनी कोट इथे ठेवला होता ना?"

"बॅग ठेवली होती. आतलं मला काय ठाऊक."

"ते प्यायचे नाहीत हो." बाईचा आवाज चढला नाही. "सासरे म्हणतात, प्यायचा, तुझ्यापासून लपवायचा. गावात पोरं याला पोत्याचं पोर म्हणतात. अजून मान धरत नाही आणि नाव पडलं. सासरे म्हणतात, दारुड्याचं रक्त आहे, माझ्या घरात नको. मला एवढं कळू दे, त्यांनी विकला की नाही. विकला असेल तर तसं सांगा. मी गप्प बसेन. पण नक्की कळू दे."

"मी बॅगा उघडत नाही," आत्या म्हणाली आणि खिडकीची झडप ओढून घेतली.

बाई समोरच्या बाकावर बसली. वरची बस परत जायला अवकाश होता. ऊन पत्र्यावर उतरलं. तान्हं रडायला लागलं आणि थांबेना. झडपेच्या फटीतून आत्या बघत होती. वरून आलेली बाई, तिने पोर वरच्या हवेसारखं गुंडाळलं होतं, लोकरीवर लोकर. रडून रडून ते जांभळं पडलं. आत्याला राहवेना. ही तिची खोडच होती. ती बाहेर आली आणि पोर हिसकावून घेतल्यासारखं घेतलं.

"अगं, उकडून मारतेस का त्याला? इथे काय बर्फ पडतंय?" तिने वरची लोकर सोडली, मग दुसरी सोडली. सगळ्यात आत, अंगालगत, हिरव्या फुलाफुलांचं कापड होतं.

"उरलं होतं," बाई म्हणाली. "कोटाचं अस्तर शिवून."

पोर मोकळ्या हवेने गप्प झालं. आत्याने ते आईच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "बस सुटू देऊ नको. मी येते." आणि सामानघर उघडंच टाकून ती भर उन्हात शीतगृहाकडे निघाली. सामानघर उघडं टाकून गेलेली तिला कुणी कधी पाहिली नव्हती.

शीतगृहाच्या मोठ्या दारातून धुकं बाहेर येत होतं. भावजय डबा घेऊन दाराशीच उभी होती. आत्याने भावाला हाक मारून बाहेर बोलावलं.

"कोट काढ."

"का गं? काम चाललंय."

"पंपवाल्याचा आहे तो. त्याची बायको आलीय."

भावजयीच्या लक्षात आधी आलं. तिने डबा खाली ठेवला आणि आत्याचा हात धरला. "वन्सं, गप्प बसा. झालं ते झालं. तुमची नोकरी जाईल, यांचंही नाव येईल. मेलेला काही परत येत नाही. ती बाई दोन दिवस रडेल आणि जाईल."

"ती रडत नाहीये."

भाऊ अंगातल्या कोटाकडे बघत होता. जणू कोटातून काहीतरी त्याला चावत होतं. "ताई, तू मला मेलेल्या माणसाचा कोट घातलास?"

"घातला तेव्हा तो जिवंत होता," आत्या म्हणाली.

त्याने कोट उतरवला. हातात दिला नाही, दाराच्या कडीला अडकवला आणि नुसत्या सदऱ्यावर आत निघून गेला. भावजय आत्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचा नियम मी मोडायला लावला, असं म्हणाल आता सगळ्यांपुढे."

"नाही. तू बोललीस. कोट मी काढला."

डेपोत परतली तेव्हा बस लागली होती. लोक चढत होते. बाई बाकावरून उठली, पण पुढे आली नाही. तिची नजर कोटावर होती. आत्याने कोट तिच्यापुढे धरला.

"त्याने विकला नाही. मी काढला. पिंप उलटायच्या आधी. माझ्या भावाला दिला. पोती मी भरली. तो आला तेव्हा मी सांगितलं नाही."

बाईने एका हाताने पोर धरलं, दुसऱ्या हाताने कोट घेतला. अस्तराची एक शिवण बोटाने चाचपली. तिथे टाका निराळा होता, शीतगृहाच्या हुकात कोट फाटला होता तो भावजयीने शिवला होता. त्या टाक्यावर बाईचं बोट थांबलं.

"मला सांगून काय उपयोग," ती म्हणाली. "मला माहीतच होतं. त्यांना सांगा." आणि तिने मानेने बसकडे दाखवलं. "सगळी वरची माणसं आहेत. त्यांना सांगा."

आत्या बसमधे चढली. कंडक्टर म्हणाला, "काय आत्या, आज वर?" दोन रांगांच्या मधे उभी राहून तिने दांडा धरला आणि मघाचंच पुन्हा सांगितलं, मोठ्याने, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. वायरलेसचंही सांगितलं. "निरोप द्यायला गेले होते. लाज वाटली म्हणून हवा विचारून परत आले." सांगताना रडली नाही. रडली असती तर लोकांना बरं वाटलं असतं.

एक म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला. पुढच्या बाकावरच्या बाईने मांडीवरची पिशवी छातीशी धरली. ज्या कंडक्टरने दारूची गोष्ट पहिल्यांदा सांगितली होती तो तिकिटाचं यंत्र खालीवर करत होता.

पंपवाल्याची बायको मागून चढली. आत्याला अंग चोरून वाट द्यावी लागली. बाई खिडकीशी बसली, कोट मांडीवर घेतला, त्यावर पोर निजवलं. तिने आत्याकडे पाहिलं नाही. "उतरा आता," एवढंच म्हणाली. "उशीर होतोय."

आत्या उतरली. घंटी झाली.

वर त्या पोराचं नाव पुसलं गेलं का, हे मी विचारत गेलो. सासऱ्याने घरात ठेवलं म्हणतात. पोरं अजून चिडवतात म्हणतात. चिडवायला एकदा शब्द मिळाला की पोरं तो सोडत नाहीत, खरं काय ते कळलं तरी.

आत्याची नोकरी गेली नाही. डेपोला तिच्या जागी बसायला कुणी मिळालं नसतं, आणि कागदावर तिचा गुन्हा काय लिहायचा हेही साहेबांना कळेना. तिला तसंच ठेवलं. भावाच्या घरून ती निघाली, सामानघराच्या मागच्या खोपट्यात राहू लागली. भाऊ त्या उन्हाळ्याच्या शेवटी गेला. छातीनेच. भावजय सांगायला आली होती; आत्या तिच्याबरोबर गेली, सगळं करू लागली आणि परत आली. दोघी त्या दिवसानंतर कोटाबद्दल बोलल्या नाहीत.

पण त्या हिवाळ्यापासून एक झालं. वरून उतरलेल्या माणसांनी सामानघराकडे वळणं सोडलं. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही. पहिला एकजण कोट काखेत मारून तसाच खालच्या बसकडे गेला, मग दुसरा गेला. आता सगळेच तसे जातात. सपाटीवर, जिथे डांबर पायाला चिकटतं, तिथे तुम्हाला भर उन्हात जाड कोट खांद्यावर टाकून चाललेली माणसं दिसली, घामाने निथळत, गळ्यात हातमोजे बांधलेले, तर हसू नका. ती आमच्याकडची. परका माणूस विचारतो, या मुलखात यायचं तर बरोबर काय घ्यावं? पूर्वी आम्ही सांगायचो, काही घेऊ नका, आत्याकडे ठेवा. आता सांगतो, सगळं घ्या, आणि अंगावरून उतरवू नका.

सामानघराच्या फळ्या रिकाम्या आहेत. आत्या त्या पुसते. हिवाळा सरत आला की मागे जाऊन पिंप उलटं करते, हात घालून तळ चाचपते. परवा बँडवाला वरून उतरला. कोट काखेत, बाजा गळ्यात, घाम नाकावरून टपकत होता. आत्या खिडकीत होती. त्याची पावलं जरा हळू झाली. टोपी पिशवीत वरच्या वर ठेवलेली होती, तिच्या नियमाप्रमाणे. तिने ती पाहिली, त्याने तिला पाहिलं. मग त्याने कोट दुसऱ्या काखेत घेतला आणि खालच्या बसची रांग धरली.